ही अस्मानी नव्हे, सुलतानी आहे!

‘दार उघडले’, ‘पाऊस पडला’, ‘आईने लुगडे बदलले’ असली साधीसुधी वाक्ये फळ्यावर लिहून मी आठवीच्या मुलांना क्रियापदांचे प्रकार शिकवीत होतो. २०२५ सालच्या ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. त्याआधीचा सप्टेंबर मराठवाड्यात ज्यांनी काढला, ते तो जन्मभर विसरणार नाहीत. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहून कुजले. कित्येकांची नुसती पिकेच गेली नाहीत, तर खालची काळी माती खरडून गेली आणि जिथे शेत होते तिथे गोटे उरले. वर्गातली निम्मी मुले गैरहजर होती. जी आली होती त्यांचेही लक्ष फळ्यावर नव्हते.

मराठीत काही धातू मोठे लबाड आहेत. ते सकर्मकही चालतात नि अकर्मकही. ‘सदूने दार उघडले’ म्हणा, नाही तर नुसते ‘दार उघडले’ म्हणा, दोन्ही शुद्ध! व्याकरणकारांनी त्यांना ‘उभयविध’ असे सोज्ज्वळ नाव दिले आहे. ‘बदलणे’ हा त्यांतलाच एक. म्हणून ‘आईने लुगडे बदलले’ या वाक्याखाली मी लिहिले, ‘हवामान बदलले.’ हे वाक्य मला सुचले याचे श्रेय माझ्या प्रतिभेला नाही. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी तेच होते.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या बापाचे दोन एकर वाहून गेले होते, हे मला ठाऊक होते.

“गुरुजी, खालच्या वाक्यात कर्ता कोण?”

“हवामान.”

“म्हंजी त्यानं सोत्ताच सोत्ताला बदललं व्हय?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि “व्याकरणात असले फाटे फोडायचे नसतात, बस खाली,” म्हणून मोकळा झालो. पुढे चाचणीत मी तेच वाक्य कर्ता ओळखण्यासाठी दिले. त्या पोरीने उत्तर लिहिले, ‘कर्ता लपला आहे.’ मी तांबड्या शाईने फुली मारली आणि शून्य गुण दिला.

वाचकहो, ते शून्य त्या मुलीचे नव्हते, माझे होते. किंबहुना आपल्या सर्वांचे होते. हे सांगण्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे.

* * *

आपल्या पूर्वजांनी संकटांची एक साधी विभागणी करून ठेवली आहे. आभाळातून येते ती अस्मानी आणि राज्यकर्त्याच्या वाड्यातून येते ती सुलतानी. अस्मानीपुढे हात जोडायचे, सुलतानीपुढे हात उगारायचे. ही विभागणी शहाणपणाची होती. कारण कोणत्या दुःखाला सहन करायचे आणि कोणत्या दुःखाचा जाब विचारायचा, हे माणसाला त्यातून कळत असे. माझे म्हणणे इतकेच, की ही विभागणी आता मोडली आहे. आज आभाळातून जे कोसळते आहे, त्यात सुलतानी मिसळली आहे. आणि ज्यांनी ती मिसळली ते आपल्याला अजून हात जोडायलाच सांगत आहेत.

‘हे सांगणारा तू कोण?’ असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस नाही. एका खाजगी संस्थेच्या शाळेत कारकून म्हणून लागलो, मराठीचे गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांचे तास तात्पुरते माझ्याकडे आले, आणि ते तात्पुरतेपण आजवर संपलेले नाही. मधल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. शास्त्र माझा प्रांत नव्हे. परंतु वाक्यात कर्ता कुठे लपवला आहे हे शोधणे हा माझा रोजचा धंदा आहे. आणि हे सारे प्रकरण मला तरी शास्त्राइतकेच वाक्यरचनेचे दिसते.

प्रथम शास्त्र पाहू. कारण ते दिसते तितके अवघड नाही. सूर्याचा प्रकाश हवेतून आरपार येतो, जमीन तापते, आणि तापलेली जमीन ती ऊब अदृश्य किरणांनी पुन्हा आभाळात सोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड येणारा प्रकाश अडवत नाही. परत जाणारी ऊब मात्र अडवतो. गोधडी जशी स्वतः ऊब निर्माण करीत नाही, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसेच हे. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट नावाच्या बाईने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. असा वायू हवेत वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, हा निष्कर्षही त्या बाईने तेव्हाच काढला. पुढे तीनच वर्षांनी जॉन टिंडल याने उष्णतेचे किरण नेमके कोणते वायू अडवतात हे मोजून दाखवले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस याने कागदपेन्सिल घेऊन, हा वायू दुप्पट झाल्यास किती अंश वाढतील याचे गणित मांडले. म्हणजे आपल्याकडे लोकमान्यांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केला त्या काळातली ही विद्या आहे. काल-परवाचे खूळ नव्हे.

कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख कणांत या वायूचे सुमारे २८० कण होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत. १८५०-१९०० या काळाशी तुलना करता २०२४ हे पहिले असे वर्ष ठरले, की ज्याची सरासरी दीड अंशाच्या पलीकडे गेली.

‘वायू वाढला हे कबूल, पण तो माणसानेच सोडला कशावरून?’ हा प्रश्न मला आमच्या तालुक्याच्या एका वकीलसाहेबांनी विचारला. वकिलाला पुरावा लागतो, तो देतो. सजीव वस्तूंत किरणोत्सारी कार्बनचा एक प्रकार अल्प प्रमाणात असतो, तो हळूहळू नाश पावतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेल्या कोळशात व तेलात त्याचा मागमूस राहिलेला नसतो. म्हणून कोळसा जाळला, की हवेतल्या कार्बनमध्ये त्या प्रकाराचे प्रमाण पातळ होत जाते. हान्स सूस याने १९५५ साली झाडांच्या खोडातल्या वलयांत नेमके हेच दाखवले. घरफोडीत अंगठ्याचा ठसा सापडावा तसे हे झाले. दुसरा पुरावा याहून चोख. सूर्य अधिक तापल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर हवेचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा निवतो आहे. गोधडी जाड झाली म्हणजे आत ऊब वाढते नि बाहेर थंडी राहते, त्याप्रमाणे. स्युकुरो मानाबे याने १९६७ सालीच हे असे होईल म्हणून गणिताने सांगितले होते. २०२१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वकीलसाहेब गप्प झाले. मात्र जाताना म्हणाले, “गुरुजी, हवामान काय, नेहमीच बदलत आलेले आहे.”

होय, बदलत आलेले आहे. माणसेही नेहमीच मरत आलेली आहेत. म्हणून खुनाचा तपास करावयाचा नाही काय?

* * *

आता वाक्यरचनेकडे वळतो. जगभरच्या शास्त्रज्ञांचे जे मंडळ १९८८ साली स्थापन झाले, त्या आयपीसीसीच्या अहवालांची भाषा पाहा. १९९५ साली ते दबकत म्हणाले, की माणसाचा हात जाणवू लागला आहे. २००१ साली म्हणाले, बहुधा माणूसच. २००७ साली, फार करून माणूसच. २०१३ साली, जवळजवळ खात्रीने माणूसच. आणि २०२१ साली त्यांनी सारी क्रियाविशेषणे टाकून दिली आणि ही गोष्ट निर्विवाद आहे असे लिहिले. सव्वीस वर्षे त्यांनी एकेक शब्द तोलून पुढे सरकवला. इतकी सावधगिरी आमच्या साहित्यसमीक्षकांनी दाखवली असती तर कितीतरी कवी वाचले असते!

शास्त्रज्ञ शब्द तोलीत होते, तेव्हा दुसरीकडे शब्द पाडण्याची टाकसाळ चालू होती. एक्झॉन या अमेरिकन तेलकंपनीच्या चालकांना त्यांच्याच जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ साली हा धोका समजावून सांगितला होता. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पुढच्या काही वर्षांत भविष्यातल्या तापमानाची जी अनुमाने केली, ती बहुतांशी खरी ठरली, असे २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. घरात खरे गणित मांडून ठेवले होते. आणि चव्हाट्यावर मात्र ‘अजून काही निश्चित नाही हो!’ म्हणून सांगितले जात होते. १९८९ ते २००२ या काळात तेल, कोळसा व मोटारी यांच्या धंदेवाल्यांनी ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन नावाची एक संस्थाच या कामासाठी चालवली. तिच्या नावावरून ती पृथ्वीच्या रक्षणासाठी निघाली आहे असे एखाद्याला वाटावे!

अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाला शब्दांचा सल्ला देणाऱ्या फ्रँक लुंट्झ याने २००२ च्या सुमारास एक टिपण लिहून दिले. ‘जागतिक तापमानवाढ’ म्हणू नका, ‘हवामानबदल’ म्हणा. तो शब्द कमी भीतिदायक आहे, असा त्याचा मतितार्थ होता. ‘हवामानबदल’ हा शब्द शास्त्रज्ञांचाच आणि जुना आहे, हे खरे; पण कोणता शब्द कोणी कशासाठी उचलला हे महत्त्वाचे असते. लुंट्झने २०१९ साली अमेरिकन सिनेटरांच्या एका समितीपुढे आपली चूक कबूल केली. तोवर शब्दाने आपले काम केले होते.

त्याच काळात बीपी या तेलकंपनीने आपल्या जाहिरातींतून ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घराघरात नेला. तुमचे पाऊल किती मोठे ते मोजा, म्हणून गणनयंत्रही दिले. काय ही शहाजोगपणाची परमावधी! ज्याने विहिरीतून पोहऱ्यांनी विष उपसून गावाला विकले, तोच गावकऱ्यांना विचारतो, ‘बाबांनो, तुम्ही रोज किती थेंब प्यायलात त्याचा हिशेब ठेवता ना?’ कर्ता लपवण्याची ही दुसरी युक्ती. पहिल्या युक्तीत कर्ता नाहीसाच करायचा. दुसरीत तो इतका वाटून टाकायचा की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर अपराध येईल आणि जाब कोणालाच विचारता येणार नाही.

म्हणूनच ‘मानवनिर्मित’ या शब्दावरही माझा राग आहे. कोण हा मानव? अमेरिकेत जगाची चार टक्के माणसे राहतात. आजवर कोळसा, तेल व वायू जाळून जो धूर झाला त्याचा सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या नावावर आहे. आपण जगाच्या सतरा-अठरा टक्के. आपल्या नावावर चार टक्क्यांच्या आतबाहेर. आजही अमेरिकन माणसामागे वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतीय माणसामागे दोन टन. आणि ही सरासरी झाली. त्या मुलीचा बाप, ज्याच्या घरी एक पंखा नि दोन दिवे, तोही ‘मानव’ आणि स्वतःच्या विमानाने उडणारा धनपतीही ‘मानव’?

त्या अमेरिकेने काय केले पाहा. १९९७ च्या जुलैत तिच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला, की गरीब देशांवरही बंधन घातल्याशिवाय आम्ही कसलाही करार करणार नाही. क्योटोच्या करारावर सही केली, पण तो कधीच मंजूर केला नाही. २०१५ च्या पॅरिस करारात शिरली, २०२० साली बाहेर पडली, २०२१ साली आत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. आमच्या गावातले कलागती भाऊबंदसुद्धा वाटणीच्या बैठकीला इतक्यांदा उठून जात नाहीत!

* * *

इथवर वाचून आपल्याकडचे काही सज्जन खूश झाले असतील. ‘पाहा, हे सारे गोऱ्यांचे पाप!’ म्हणून ते पान उलटतील. त्यांना माझी विनंती आहे, की जरा थांबा. आता तुमचीच पाळी आहे.

२०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत मसुद्यात कोळशाची वीज ‘बंद करीत आणणे’ असे शब्द होते. अगदी शेवटच्या घटकेला, भारत आणि चीन यांच्या आग्रहावरून, त्या जागी ‘कमी करीत आणणे’ असे शब्द आले. आपल्या मंत्र्यांनी ती दुरुस्ती मांडली, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला. आपल्या बाजूने बोलण्यासारखे होते, हे मी नाकारीत नाही. कोळसा गरीब देशांचा म्हणून तो तेवढा वाक्यात आणायचा आणि श्रीमंतांचे तेल नि वायू वाक्याबाहेर ठेवायचे, हा कोणता न्याय? कोळसा, तेल, वायू या सर्वांपासूनच दूर जाण्याची भाषा २०२३ साली दुबईत प्रथम झाली. त्यासाठी अठ्ठावीस परिषदा लागल्या. हे सर्व मान्य. परंतु त्या दुरुस्तीने माझ्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा काय फायदा झाला, हे मला कोणी सांगेल काय?

वर्षाच्या धुराच्या हिशेबात चीन आणि अमेरिका यांच्यानंतर आज आपला तिसरा क्रमांक आहे. २०२४-२५ साली या देशात एक अब्ज टनांहून अधिक कोळसा निघाला आणि त्याचा उत्सव झाला. उभारलेल्या वीजक्षमतेपैकी निम्मी २०२५ साली कोळसा-वायूशिवायची झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती मी मोकळ्या मनाने सांगतो; पण प्रत्यक्ष जळणाऱ्या दिव्यांमागे अजून सत्तर टक्क्यांहून अधिक कोळसाच आहे. ही वीज गरिबांसाठी, असे दिल्लीत आणि परदेशांतल्या परिषदांत सांगितले जाते. बोलणी करताना पुढे उभा करायला गरीब. वातानुकूलित मनोऱ्यांत वीज खर्च करायला दुसरेच! दोन टनांची ती सरासरी म्हणजे गरिबाच्या अंगावरची फाटकी घोंगडी. तिच्याआड आमचे श्रीमंत लपून बसले आहेत. अमेरिकेला जो प्रश्न आपण विचारतो, तोच मुंबई-पुण्याच्या धनिकांना विचारायला आपली जीभ का अडखळते?

मी कोळशाला शिव्या देणारा नव्हे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र बंद करा, असे उद्या कोणी म्हणाले तर प्रथम मीच विचारीन, की तिथल्या आणि वणीच्या खाणीतल्या कामगाराची चूल कशावर पेटायची? माझी मुले रात्री ज्या दिव्याखाली वाचतात, त्यात त्या कामगाराचा घाम आहे. पण म्हणूनच तो कामगार कुठे जाणार, कोणते काम करणार, त्याला कोण शिकवणार हे आज ठरले पाहिजे. खाण बंद पडल्यावर काय होते ते मुंबईच्या गिरणगावाने आपल्याला एकदा दाखवले आहे. त्याचा दुसरा प्रयोग नको.

* * *

तिसरा वर्ग आहे तो वृक्षारोपणवाल्यांचा. दर पावसाळ्यात शाळाशाळांतून फर्मान येते: रोपे लावा, घोषणा द्या, ‘वसुंधरा वाचवा’ या विषयावर निबंधस्पर्धा घ्या, फोटो पाठवा. मी झाडांचा वैरी नाही. परंतु कोट्यवधी वर्षांत गाडला गेलेला कार्बन आपण दोनशे वर्षांत उकरून जाळला, तो आठवीच्या पोरांनी लावलेली गुलमोहराची रोपे शोषून घेतील, हे मुलांना शिकवणे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. लेकराच्या हातात झारी द्यायची आणि आगीकडे पाठ करून उभे राहायला सांगायचे! या निबंधांत मुले काय लिहितात ठाऊक आहे? ‘माणसाने पाप केले म्हणून निसर्ग कोपला.’ आणि आम्ही शिक्षक त्याला दहापैकी आठ गुण देतो. ‘कर्ता लपला आहे’ याला शून्य.

‘मग मराठवाड्यातला तो पूर तुमच्या त्या तेलकंपन्यांनी आणला म्हणता?’ असेही कोणी विचारील. एकेका पावसावर बोट ठेवून शपथ घेणार नाही. पण शकुनीचे फासे आठवा. एखादे दान धर्मराजाच्या नशिबाने तसेही वाईट पडले असते. पण फासेच कपटाचे होते, म्हणून दानामागून दान तसेच पडत गेले. हवा एक अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरून कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. एकूण पावसाळा मात्र रोडावला आहे. म्हणजे नेमके आमचेच चित्र! २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी गहू झोडपला. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ साली त्याच मराठवाड्यात पाण्याने माती नेली.

आणखी एक तारीख सांगतो. १६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर एका सरकारी सोहळ्याला लाखो माणसे भर उन्हात बसवली गेली आणि त्यांतली चौदा उष्माघाताने दगावली. त्या महिन्यातली भारत-बांगलादेशातली दमट उष्णतेची लाट तापमानवाढीमुळे निदान तीसपट अधिक संभवनीय झाली होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी पुढे काढला. व्यासपीठावर छप्पर होते. समोरच्या माणसांवर नव्हते. जगाच्या या साऱ्या राजकारणाचे याहून नेमके चित्र मला चार कादंबऱ्या लिहूनही काढता आले नसते.

* * *

कादंबऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर माझाही पंचनामा होऊन जाऊ द्या. अमिताव घोष यांनी २०१६ साली ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात कादंबरीकारांना विचारले, की एवढी मोठी गोष्ट घडत असताना तुमच्या कथांत ती का नाही? तो प्रश्न मी दुसऱ्यांसाठी आहे असे समजून वाचला. पुढे त्या पोरीच्या उत्तरपत्रिकेनंतर मी माझ्याच पुस्तकांची पाने चाळली. तिसऱ्या कादंबरीत माझ्या नायकाचे पीक गारांनी जाते, तिथे मी लिहून ठेवले आहे, की नियतीच्या मनात आले आणि तिने हात फिरवला. त्या वाक्याचे त्या वेळी कौतुक झाले होते. मीही मिशीवर ताव दिला होता. आज मला त्याची लाज वाटते. दुष्काळाला नियती, गारपिटीला कोप आणि शेतकऱ्याच्या मरणाला प्राक्तन म्हणणाऱ्या आम्हा ग्रामीण लेखकांनी त्या तेलकंपन्यांचे काम फुकटात केले. त्यांना कर्ता लपवायला पैसे मोजावे लागले. आम्ही तो अलंकारांसाठी लपवला.

मग करायचे काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. पंचनाम्याच्या कागदावर ‘नैसर्गिक आपत्ती’ हा जो छापील मथळा असतो, तो बदला. कारण शब्द बदलला की जबाबदारी बदलते, हे लुंट्झला कळते तर आपल्याला का कळू नये? श्रीमंत देशांकडे भरपाई मागा. भीक म्हणून नव्हे, देणे म्हणून. वर्षाला शंभर अब्ज डॉलर देण्याचे वचन त्यांनी २००९ साली दिले, मुदत २०२० ची होती, ती २०२२ साली कशीबशी पाळली. २०२४ साली बाकूमध्ये गरीब देशांनी १,३०० अब्ज मागितले, तेव्हा २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज देऊ असे उत्तर मिळाले. पण मागताना त्यातला किती पैसा तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचणार तेही लिहून द्या. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, विचारा: धूर कमी कोण करणार, केव्हा करणार, आणि खर्च कोणाच्या खिशातून?

हे अरण्यरुदन आहे असे समजू नका. पेरू देशातल्या साउल लुसियानो युया या शेतकऱ्याने २०१५ साली आरडब्ल्यूई या जर्मन वीजकंपनीवर तिच्याच देशात दावा लावला, की तुझ्या धुराने माझ्या डोंगरावरचे बर्फ वितळते आहे, त्याचा तुझ्या हिश्शाचा खर्च दे. २०२५ च्या मे महिन्यात दावा फेटाळला गेला, कारण त्याच्या घराला पुरेसा नजीकचा धोका सिद्ध झाला नाही. परंतु अशा नुकसानीबद्दल कंपनीला तत्त्वतः जबाबदार धरता येते, हे त्याच न्यायालयाने लिहून ठेवले. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली एक खटपट सुरू केली. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलली, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिले, की हवामानाची हानी रोखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. एक शेतकरी, काही विद्यार्थी. त्यांनी केले काय? वाक्यात कर्ता कोण, एवढेच विचारले.

दिवाळीच्या सुटीआधी मी ती उत्तरपत्रिका कपाटातून पुन्हा काढली. तांबड्या फुलीवर काट मारून गुण दिला, खाली सही केली, आणि मुलीला बोलावून ती हातात दिली. तिने गुणाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मग गुरुजी, नाव काय लिहू?”

मी तिला सांगितले, की एक नाव पुरणार नाही, पोरी. यादी मोठी आहे, काही नावे परदेशातली आहेत, काही आपल्या राजधान्यांतली आहेत, आणि एका कोपऱ्यात तुझ्या गुरुजींचेही आहे. “लिही,” म्हणालो. “पुरवणी लागली तर मी देतो.”